वरची एक कडी

"गाठ मारू नको वं, तुळसे. पीळ दे. गाठ अडते. पीळ सरसर निघून जाते."

हा आवाज देवाजीचा, तुळसाबाईच्या बापाचा. नागपूरजवळच्या खाप्याला त्यांचा हातमाग होता. एक ताणा, म्हणजे मागावरची उभी सुतं, विणून संपला की दुसरा चढवायचा; तेव्हा जुन्या ताण्याच्या एकेका शेपटाला नवं सूत जोडायचं, बोटाला राख लावून, नुसत्या पिळानं. मग जुनं पुढं ओढलं की त्याच्या मागोमाग नवं सूत फणीच्या घराघरांतून आपोआप चालत येई. या कामाला सांधणी म्हणत, आणि ते घरच्या पोरींचं. हजार हजार सुतं सांधायची, पण लुगड्याचं नाव निघे ते देवाजीचं, नाहीतर भावाचं. पोरीला कोणी विणकर म्हटलं नाही, आणि पोरीलाही त्यात वावगं वाटलं नाही.

देवाजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तुळसाबाई लग्न होऊन नागपूरला तांडापेठेत आली, तिला चाळिशी लागली, तरी हात कामाला लागले की तो आवाज कानाशी येई. १९७३ सालच्या मार्गशीर्षातल्या त्या सोमवारी सकाळीही आला. पण त्या दिवशी तिच्यापुढं सूत नव्हतं. केसाहून जराशी जाड अशी तांब्याची तार होती.

रामदासपेठेत एका बंगल्यामागच्या तीन खोल्यांत मधुकररावांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा तो आपला मोठेपणानं. भोंगा नाही, चिमणी नाही. तिथं अकरा बाया भिंगाखाली मान घालून कॉम्प्युटरची स्मृती विणत. खसखशीच्या दाण्याएवढ्या काळ्या कड्या, प्रत्येकीला मधोमध भोक. चौसष्ट ओळी, प्रत्येक ओळीत चौसष्ट कड्या. एका कडीतून तीन तारा जायच्या: एक आडवी, एक उभी आणि एक तिरपी. आडवी आणि उभी मिळून कडीला सांगायच्या, तिरपी ऐकायची. या सगळ्याला मिळून बाया 'जाळी' म्हणत.

"एकीकडून करंट गेला की कडी 'हो' धरून ठेवते, उलटा गेला की 'नाही'," मधुकररावांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. "आणि लाइट गेली तरी विसरत नाही. धरलं म्हणजे धरलं."

"म्हणजे व्रत घेतलेली आहे," तुळसाबाई हळूच म्हणाली होती.

"म्हणजे माह्या नवऱ्यासारखी नाही," शेजारून अंजनाबाई बोलली, आणि अकराच्या अकरा जणी पदर तोंडाला लावून हसल्या.

अंजनाबाई नागपुरातल्याच इंदोऱ्याची. छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातली, सातवी शिकलेली, सायकलवर येणारी, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. जाळीला दोन माणसं लागत, एक सुई घालायला आणि समोरून एक ओढायला. पहिल्या आठवड्यात मधुकररावांनी या दोघींना समोरासमोर बसवलं आणि दोन वर्षं त्या तशाच बसल्या. एकीची बोटं थांबली की दुसरीला न बघता कळे.

पण डबा खायच्या वेळी तुळसाबाई आपली सतरंजी जरा बाजूला ओढून घेई. तिचे नेम कडक होते. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, सहाणेवर चंदन उगाळून बाळकृष्णाला गंध, एकशे आठ नावं, आणि मग घोटभर चहा. सोमवारी दिवेलागणीपर्यंत पोटात अन्न नाही. दोन्ही वर्षी दसऱ्याला अंजनाबाईनं तिला जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा तुळसाबाई म्हणाली, "आज माहा उपास हाये वं."

"तुहे देव बी मोठे हुशार," यंदा अंजनाबाई म्हणाली होती. "नेमके माह्या घरच्या खिरीच्या दिवशीच तुले उपाशी ठेवतात."

ती हसून म्हणाली होती, म्हणून तुळसाबाईही हसली. पण घरी जाताना ते हसू तिला सारखं टोचत राहिलं.

अडीच महिने खपून दोघींनी एक जाळी पुरी केली होती. हैदराबादच्या एका मोठ्या कारखान्यानं ती नमुना म्हणून मागवली होती. तिथल्या साहेबांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की हे काम नागपुरात, घरगुती बायांच्या हातून होईल यावर त्यांचा विश्वास नाही. तरी सोमवारी तीन वाजता स्वतः येऊन तपासू. जाळी पास झाली तर चाळीस जाळ्यांची ऑर्डर. नापास झाली तर मधुकरराव खोल्यांना कुलूप लावून मुंबईला पुन्हा नोकरीवर जाणार आणि अकरा जणी आपापल्या चुलीपुढं. पत्र वाचून दाखवताना मधुकररावांचा आवाज पडला होता. तेव्हा एवढ्याशा आवाजात तुळसाबाईच बोलली होती, "होईल साहेब. आम्ही करून दाखवू." बोलून गेल्यावर तिची तीच दचकली. आयुष्यात घराबाहेर तिनं दिलेला हा पहिला शब्द.

त्या जाळीत तिनं एक चूकही केली होती. लाख वाती वळायचं व्रत घेतलं की बायका लाखावर मूठभर जास्त वळतात. एखादी तुटली, एखादी उंदरानं नेली, तर व्रत उणं पडू नये. हात त्याच वळणाचे. पहिल्या ओळीत तिनं चौसष्टावर एक कडी जास्त ओवली. मधुकररावांनी भिंगातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"तुळसाबाई, इथं पासष्ट कशा?"

"एक वरची आहे साहेब. उणं पडू नये म्हणून."

"अहो, यंत्राला वरची लागत नाही! यंत्राला चौसष्ट म्हणजे चौसष्ट!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती कडी काठाबाहेर होती; तिच्यातून ना उभी तार जात होती ना ऐकणारी. काढायला बसलं तर तारेच्या टोकाचा सोल्डरचा टाका सोडवावा लागला असता, म्हणून मधुकररावांनीच हात झटकले, "राहू द्या. बसेल बिचारी कोपऱ्यात."

"देवाची चौकीदार हाये ते," अंजनाबाई म्हणाली. तेव्हापासून त्या कडीचं नाव चौकीदारच पडलं.

सोमवारी सकाळी दहाला मधुकररावांनी शेवटची तपासणी म्हणून जाळी आपल्या यंत्राला जोडली. यंत्र एकेका कडीला विचारत पुढं सरकू लागलं. बरोबर उत्तर आलं की हिरवा दिवा. हिरवा, हिरवा, हिरवा. बाया मागं दाटीनं उभ्या. एकेचाळिसाव्या ओळीत दिवा लाल झाला. मधुकररावांनी पुन्हा विचारलं. पुन्हा लाल. ओळ एकेचाळीस, कडी सतरा.

भिंगाखाली पाहिलं तर कडीला केसाएवढी चीर. शनिवारी धडधाकट होती.

"संपलं," मधुकरराव स्टुलावर बसले. "चार हजार शहाण्णव कड्यांत एक विसरते, म्हणजे जाळी फुकट. मधली कडी बदलता येत नाही. तिच्यातून तीन तारा गेल्यात, त्या परत घालायच्या तर शेजारच्या सगळ्या फुटतील. आणि बदलायची म्हटली तरी पुडीत कडी उरलीय कुठं? सगळ्या तुम्हाला शिकवण्यात फुटल्या."

आणि तेव्हाच तुळसाबाईच्या कानात तो आवाज आला. गाठ मारू नको वं, तुळसे.

ती पुढं झाली. "साहेब, कडी आहे. चौकीदार आहे न."

मधुकररावांनी मान वर केली.

"तुम्ही पहिल्या ओळीचा टोकाचा टाका सोडा, ती सुटून येईल. चिरलेली चिमट्यानं फोडू. तारा परत घालायच्याच नाहीत. जुनीच्या शेपटाला नवी सांधू अन् जुनी ओढून घेऊ. नवी तिच्या मागं येईल. मधल्या रिकाम्या जागेवर आली की सांधा सोडू, कडी ओवू, पुन्हा सांधू अन् पुढं नेऊ. माह्या बापाच्या घरी मी असे हजारो धागे नेले."

"आणि ऐकणारी तार? ती सगळ्या जाळीतून फिरलीय."

"ती काठाला वळते तिथं कापा. तेवढाच एक तिरपा पट्टा बदलू. काठाला तुम्ही सोल्डर करा."

मधुकररावांनी घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाले, "वेळ किती लागेल?"

"देवाले माहीत," अंजनाबाईनं स्टूल पुढं ओढलं. "पण बसून राह्यलो तर जास्त लागन."

चौकीदार सुटून आली, तुळसाबाईनं ती चिमट्यात धरून कागदावर ठेवली. चिरलेली कडी कट्‌ करून फोडली. तुळसाबाईनं आडव्या तारेच्या टोकाला नवी तार लावून पीळ दिला, अंजनाबाईनं समोरून हळूच ओढली. तार पहिल्याच कडीत अडली. पीळ म्हणजे दोन तारांची जाडी, आणि भोकात दोन तारा आधीच बसलेल्या. आणखी ओढली असती तर कडी गेली असती.

"थांब!" दोघी एकदमच म्हणाल्या.

सुतातला पीळ दबतो, तांब्यातला दबत नाही. दोन्ही टोकं अर्धी अर्धी झिजवून एकावर एक बसवली तर जाडी एकीचीच राहील, हे तुळसाबाईच्या लक्षात आलं. मधुकररावांनी बारीक कानस दिली, तार तुटली. सँडपेपरवर घासली, वाकडी झाली. हवी होती अशी वस्तू जी मऊपणानं झिजवते, ओल्यानं झिजवते, आणि जिच्यावर तिची बोटं डोळे मिटूनही चालतात.

"सहाण," ती म्हणाली. "घरी देवघरात आहे."

पण जाळीवर तार अर्धी बाहेर लोंबत होती. ती धरून बसायला तिचाच हात हवा होता. तिनं अंजनाबाईकडं पाहिलं.

"तू जा वं. सायकल हाये तुह्याजवळ. देवघरात डाव्या हाताले, ताम्हणाच्या खाली."

"मी?" अंजनाबाईनं भिवई चढवली. "तुह्या देवघरात? दोन वर्षांत अंगणाच्या पुढं नाही आली मी."

"जा न वं," तुळसाबाई एवढंच म्हणाली. तिचे डोळे तारेवर होते.

तासाभरात अंजनाबाई परतली. पिशवीतून फडक्यात बांधलेली सहाण काढून तिनं टेबलावर ठेवली. तुळसाबाईनं विचारलं, "आत्याबाई काही बोलल्या?"

"तुही सासू? रुखमाबाई दारात आडव्या झाल्या. 'कोण वं तू? कोणाची?' म्हटलं, तुळसाबाईच्या जोडीची कारागीर. 'देवघरात जायचं नाही,' म्हणे. म्हटलं, मी कायले जाईन, तुम्हीच काढून द्या. त त्यायनं उंबऱ्यावर ठेवली अन् मागं सरकल्या. मी उचलली. मागून पाण्याचा सडा पडल्याचा आवाज आला." ती हसली, पण डोळ्यांनी नाही. "आता माहा हात लागला सहाणीले. बाटली असन त पाह्य. दुसरी नाही आणत मी."

तुळसाबाईला वाटलं, अंगावरचं लुगडं कोणी ओढलंय. दोन वर्षं आपली सतरंजी बाजूला ओढणारा हात तिचा स्वतःचाच होता. सासूनं सडा आज टाकला एवढंच. रोज पहाटे ज्या सहाणेवरचं गंध ती देवाच्या कपाळी लावी, ती सहाण समोर होती, ओलसर, मधे झिजून खोलगट झालेली. ती काही बदललेली दिसत नव्हती.

"अंजने," ती म्हणाली. आजवर ती 'अंजनाबाई' म्हणत आलेली. "आजचा सोमवार मी तुह्या घरी सोडीन."

अंजनाबाईनं पिशवी गुंडाळून ठेवली. "जाळी पास झाली त?"

"पास होवो का फेल. दिवेलागणीले येते."

"माह्या घरी आज पिठलं-भाकर हाये. खीर नाही."

"मी खीर मागतली का?"

"मग बस आता," अंजनाबाई समोरच्या स्टुलावर टेकली आणि पदर खोचला. "बोलत काय राह्यली. साहेब तीनले येऊन राह्यला."

सहाणेवर पाण्याचे दोन थेंब. तारेचं टोक आडवं ठेवून तुळसाबाईनं बोटाच्या पेराखाली ते चंदनासारखं उगाळलं. ओठ हलत होते. एका नावाला एक फेरा. एकवीस नावांत टोक एका बाजूनं सपाट झालं. दुसरं टोक तसंच. सपाटावर सपाट ठेवून सुईच्या अग्रावरचा वॉर्निशचा थेंब लावला, फुंकरीनं वाळवला. अंजनाबाईनं ओढली. तार पहिल्या कडीतून गेली. दुसरीतून गेली. सोळा कड्या पार करून सांधा रिकाम्या जागेत येऊन थांबला, तशी मागं उभ्या बायांपैकी कोणीतरी "हाय रे माह्या देवा" म्हणालं. सांधा सोडला, चौकीदार ओवली, पुन्हा सांधला, पुढं नेला. सांधा पलीकडून बाहेर आला आणि कात्रीनं तुटून पडला. आडवी झाली. मग उभी. मग ऐकणारी. मधुकररावांनी काठाला सोल्डर दिलं तेव्हा घड्याळात तीनला दहा कमी होते. अकरा जणींत कोणीही डबा उघडला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांनाच सोमवार घडला.

साहेब तीनला आले. उंच, चष्मा लावलेले, घाईत. त्यांनी आपलं यंत्र पेटीतून काढलं आणि कोणाशी न बोलता जाळी जोडली. सगळ्या कड्यांत 'हो' भरलं, वाचलं. 'नाही' भरलं, वाचलं. एक सोडून एक भरलं, वाचलं. मग उलट. हिरवा दिवा एकदाही डगमगला नाही. मग त्यांनी बटण बंद केलं, मधुकररावांच्या हातचा चहा सावकाश प्यायला, संत्रं सोलून खाल्लं, आणि पुन्हा बटण दाबलं. जे भरलं होतं ते जसंच्या तसं परत आलं, चार हजार शहाण्णवच्या चार हजार शहाण्णव.

आता साहेबांनी भिंग काढलं. ओळीमागून ओळ बघत ते एकेचाळिसाव्या ओळीपाशी थांबले. "ये तीन तार नये हैं. यहाँ रिपेअर हुआ है?"

मधुकरराव चाचरले. खोटं बोलवेना आणि खरं सांगायची भीती. तेव्हा मागून बारीक आवाज आला.

"हाव साहब. एक कडी टूट गई थी. सांध दिया."

"जोड कहाँ है? जोड तो दिखता नहीं."

"जोड बाहर निकल गया साहब. जोड आत ठेवायचा नसतो."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग समोरच्या अंजनाबाईकडं, मग सहाणेवरच्या तांबूस रेघेकडं. "हमारे यहाँ तो ऐसी प्लेट फेंक देते हैं," ते म्हणाले.

"हमारे यहाँ ताना नहीं फेंकते," तुळसाबाई म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

साहेब हसले. आले तेव्हापासून पहिल्यांदाच. पेटीतून छापील फॉर्म काढून त्यांनी 'पास'पुढं खूण केली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. मधुकरराव कारखान्याचं नाव लिहायला वाकले तसे साहेब म्हणाले, "कंपनी का नाम ऊपर लिखा है. यहाँ लिखिए, हाथ किसका है."

अंजनाबाईनं आपलं नाव झोकात लिहिलं. तुळसाबाईनं पेन दोन्ही हातांनी धरलं. तिसरीत शाळा सुटलेली. अक्षर अक्षर जुळवत तिनं 'तुळसाबाई' लिहिलं. मग थोडं थांबून पुढं लिहिलं, 'विणकर'.

चाळीस जाळ्या. बायांनी एकच कल्ला केला. सुभद्रा नावाची सगळ्यांत लाजाळू बाई, ती तर टेबलावर थाप मारून नाचायला लागली. साहेबांना स्टेशनवर सोडायला निघताना मधुकरराव दारातून परत फिरले.

"तुळसाबाई, मुंबईला कड्यांची ऑर्डर लिहितोय. प्रत्येक जाळीमागं किती मागवू?"

"चार हजार शहाण्णव साहेब," ती अगदी साळसूदपणे म्हणाली.

"आणि?"

"अन् एक वरची."

मधुकररावांनी हात जोडले, आणि ते खरेच जोडले होते.

तांडापेठेत पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. तुळसाबाईनं हातपाय धुतले, सहाण ताम्हणाखाली होती तिथं ठेवली. तांब्याची रेघ तिनं पुसली नाही. देवापुढं दिवा लावला, एकशे आठ नावं घेतली. एकही कमी नाही, घाईही नाही. मग देवापुढची खडीसाखर पानात बांधून घेतली.

रुखमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. ताट वाढायला त्या उठू लागल्या तशी तुळसाबाई म्हणाली, "आत्याबाई, माहं ताट वाढू नका."

"काहून वं? सोमवार सोडाचा नाही?"

"सोडाचा हाये. अंजनाच्या घरी चालली, इंदोऱ्याले."

रुखमाबाईंचं तोंड उघडं राहिलं. त्या काय म्हणणार होत्या ते ऐकायला तुळसाबाई थांबली. वडीलधारं माणूस बोलत असताना ती कधीच पाठ फिरवीत नसे. पण त्या नुसत्याच पुन्हा ओट्यावर टेकल्या. तेव्हा तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, डोक्यावरचा पदर सारखा केला, चपला घातल्या आणि ज्या उंबऱ्यावर सकाळी सहाण ठेवली होती तो हलकेच ओलांडून ती इंदोऱ्याच्या रस्त्याला लागली.